लक्षण आणि रोग : मुलांच्या यकृतातील तांब्याविषयी

तर्कशास्त्राच्या तासाला 'लक्षण' म्हणजे काय हे सांगताना मी दरवर्षी त्याचे तीन दोष सांगतो. गायीचे लक्षण 'कपिल वर्ण' असे केले तर पांढऱ्या गायी सुटतात, ही अव्याप्ति. 'शिंगे असलेला पशू' असे केले तर म्हशी आणि बकऱ्याही आत शिरतात; ही अतिव्याप्ति. आणि 'एक खूर असलेला पशू' असे केले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. विद्यार्थी हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. गाय ओळखण्यासाठी कोणालाच लक्षणाची गरज पडत नाही.

परंतु 'लक्षण' हा शब्द वैद्यकातही आहे, आणि तेथे तो दोषयुक्त निघाला तर मूल हातचे जाते. मुलांना होणाऱ्या आनुवंशिक यकृतविकारांचे निदान कसे करतात, याविषयी गेली काही वर्षे मी मिळेल ते वाचत आलो आहे. मी वैद्य नव्हे, शास्त्रशाखेचाही नव्हे. तेव्हा औषधोपचार सांगण्याचा माझा अधिकार नाही, आणि तसा उद्देशही नाही. अनुमानाच्या दृष्टीने या विषयात जे पाहण्यासारखे आहे ते आपल्या महाविद्यालयातील वाचकांपुढे ठेवावे, एवढीच इच्छा आहे.

प्रारंभ यकृताच्या एका अडचणीपासून करावा लागतो. हा अवयव सहनशील आहे. त्याचा बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम उरकीत राहतो, आणि जेव्हा तक्रार करतो तेव्हा ती नेहमी त्याच चार-पाच शब्दांत करतो : कावीळ, पोटात पाणी, पायांवर सूज, रक्ताची उलटी, आणि शेवटी गुंगी. कारण कोणतेही असो, भाषा एकच. दूषित पाण्यातून आलेल्या विषाणूने कावीळ होते आणि जन्मतः बिघडलेल्या जनुकानेही होते. पहिली बहुतेक वेळा आपोआप बरी होते. दुसरी होत नाही. डोळे पिवळे झाले एवढ्यावरून भेद करता येत नाही, आणि आपल्याकडे पहिली इतकी सर्रास आढळते की दुसरीचा विचारच कोणाच्या मनात येत नाही. 'कावीळ उतरवणारे' जे लोक गावोगाव आहेत त्यांची कीर्ती पहिल्या प्रकारच्या काविळीवर उभी आहे.

मग वैद्य सुरुवात कोठून करतो? मुलाच्या वयापासून. दूध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच बाळ पिवळे पडले, ओकू लागले, मलूल झाले, तर गॅलॅक्टोसीमियाची शंका घ्यावी लागते. दुधातील साखरेचा एक घटक पचवणारे विकर या बाळांत जन्मतः नसते, आणि आईचे दूधच त्यांना विषासारखे होते. येथे एक जुनी, स्वस्त युक्ती आहे. बेनेडिक्टच्या द्रावणाने लघवीत साखर दिसते, पण केवळ ग्लुकोज ओळखणारी पट्टी मात्र कोरी राहते. साखर आहे आणि ग्लुकोज नाही, म्हणजे दुसरी कोणती तरी साखर आहे. पक्के निदान विकराच्या तपासणीने होते, पण दूध तोडण्यासाठी वैद्य तोवर थांबत नाही. याउलट, दोन-तीन आठवड्यांचे बाळ पिवळे आहे, एरवी खेळते आहे, पण त्याची शी पांढुरकी, मातीच्या रंगाची आहे, तर पित्तनलिका बंद असण्याचा संभव मोठा. हा विकार सहसा वारशाने येत नाही, परंतु तो प्रथम वगळावा लागतो. कारण जपानचे कासाई यांनी १९५९ मध्ये मांडलेली त्यावरील शस्त्रक्रिया साधारणतः ६० दिवसांच्या आत झाली तरच तिचे यश चांगले. बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या शीचा रंग पाहणारी म्हातारी बाई या एका बाबतीत उत्तम निदानकर्ती असते.

हे झाले अगदी लहानग्यांचे. माझा विषय त्यापुढचा आहे, आणि तो तांब्याशी निगडित आहे.

आमच्या आजीच्या पिढीत 'पोराला लिव्हर झालंय' असे बायका कुजबुजत्या आवाजात म्हणत. लिव्हर सगळ्यांनाच असते, मग ते 'होते' कसे, हा प्रश्न तेव्हा मला पडत असे. 'लिव्हर' म्हणजे रोगाचेच नाव होते. सहा महिने ते चार-पाच वर्षे या वयातले मूल. पोट फुगत जाई, यकृत हाताला दगडासारखे लागे, आणि पुष्कळदा काही महिन्यांतच मूल दगावत असे. वैद्यकाच्या ग्रंथांत याला 'भारतीय बालयकृतकाठिण्य' असे नाव मिळाले, कारण तो जवळजवळ भारतातच दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कलकत्त्याच्या डॉक्टरांनी त्याची वर्णने लिहून ठेवली आहेत. खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या घरांत तो दिसे, म्हणून उपासमार हे कारण म्हणता येईना. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन भावंडे जात, म्हणून तो वारशाचा असावा असे अनेकांना वाटले.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृताचे तुकडे ऑर्सिन नावाच्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता पेशींत तपकिरी-काळे कण दिसले, आणि त्यांचा संबंध तांब्याशी लागला. मोजले तेव्हा तांबे प्रचंड निघाले. आता येथे अनुमानाचा फाटा फुटतो. यकृतात तांबे साठण्याचा एक आनुवंशिक रोग तोवर वैद्यकाला चांगला माहीत होता, तो म्हणजे विल्सनचा विकार. तेव्हा हाही त्याचाच एखादा बालावतार असावा, असे मानणे सोपे होते. पण या मुलांच्या रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन नावाचे, तांबे वाहून नेणारे प्रथिन कमी नव्हते; उलट कित्येकांत जास्तच होते. विल्सनच्या विकारात ते बहुधा घटलेले असते. म्हणजे तांबे तेच, रोग निराळा.

मग हे तांबे आले कोठून? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या घरच्या स्वयंपाकघरात पाहिले. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा जो निबंध आला त्यातील म्हणणे असे की, अंगावरचे दूध लवकर सुटून जनावराचे दूध सुरू झालेले, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेले, हा या मुलांच्या पोषणातला समान धागा आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांची मिश्रधातू. कल्हई नसलेल्या किंवा उडालेल्या पितळी भांड्यात दूध राहिले की त्यातील तांबे सुटून दुधातल्या केसिनला चिकटते. आईच्या दुधात काय किंवा गायीच्या दुधात काय, तांबे स्वभावतः अत्यल्प असते. बाळ जन्मतः यकृतात साठवून आणलेल्या तांब्यावर पहिले महिने काढते. अशा भरलेल्या कोठारात दररोज आणखी भर पडू लागली तर काय होईल, हे सांगायला नको.

पुढे १९८७ मध्ये त्यांनी आजारी मुले आणि त्यांच्याच जोडीची निरोगी मुले यांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली. मिलची व्यतिरेकपद्धती आपण पुस्तकात वाचतो. ती प्रत्यक्षात कशी दिसते हे ज्याला पाहायचे असेल त्याने हे काम पाहावे. पितळेच्या भांड्यांची जागा स्टेनलेस स्टीलने आणि ॲल्युमिनियमने घेतली, त्या भांड्यांत दूध तापवू नका असे आयांना सांगितले गेले, आणि १९९० च्या दशकात हा रोग विरळ होत गेला. आजच्या तरुण बालरोगतज्ज्ञांपैकी पुष्कळांना तो पुस्तकातूनच ठाऊक आहे.

भावंडांचे कोडे मात्र मला फार विचारप्रवर्तक वाटते. 'एका घरात अनेकांना होतो, म्हणून रक्तातून येतो' हे अनुमान वरवर निर्दोष दिसते. पण एका घरातल्या भावंडांत रक्ताखेरीज आणखी काय सामाईक असते? भांडे. सासूने सुनेच्या हाती दिलेली दुधाची पितळी चरवी हाही एक वारसाच. अर्थात जनुकांचा काहीच वाटा नव्हता असेही म्हणता येत नाही. ऑस्ट्रियातील टायरॉल भागात अगदी असाच रोग होता. १९०० ते १९७४ या काळात त्याने मेलेल्या १३८ मुलांची नोंद म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. तेथेही गायीचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळीत, आणि भांडी बदलली तसा रोग गेला. पण वंशावळी तपासता तो सुप्त आनुवंशिक दोषाच्या नियमाने उतरलेला दिसला. म्हणजे दोष असलेले मूल, आणि तांबे सुटलेले दूध, अशी दोन्ही जुळली तर रोग. रोग 'भारतीय' आहे हे नावातले विशेषणही त्यामुळे गळून पडले.

आता खुद्द विल्सनच्या विकाराकडे वळू. सॅम्युएल अलेक्झांडर किनिअर विल्सन हा लंडनचा मेंदूरोगतज्ज्ञ. त्याने १९१२ मध्ये तरुण रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले : हातपाय थरथरणे, बोलणे अडखळणे, अंग ताठरणे; आणि मृत्यूनंतर पाहावे तो यकृत गाठाळ, कठीण. यकृताविषयी या रुग्णांची जिवंतपणी तक्रार नव्हती. भावाबहिणींना हा रोग होतो हे त्याने पाहिले होते, तरी तो कौटुंबिक आहे, आनुवंशिक नाही, असेच त्याचे मत पडले. गंमत पाहा. विल्सनपुढे खरोखर वारशाचा रोग होता आणि त्याने वारसा नाकारला; आपल्याकडे भांड्याचा मोठा हात असलेला रोग होता आणि पुष्कळांनी तो केवळ वारशाचा ठरवला. दोघांपुढेही पुरावा एकच : घरातली दोन मुले.

विल्सनने वारसा का नाकारला हे समजण्याजोगे आहे. आईवडील धडधाकट, आजे-पणजे धडधाकट. मग वारसा कोणाचा? याचे उत्तर सुप्त दोषाच्या कल्पनेत आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. विल्सनच्या विकाराचे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे. ते १९९३ मध्ये सापडले आणि त्याला एटीपी-सात-बी असे रुक्ष नाव आहे. एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल तर माणूस आयुष्यभर निरोगी राहतो; त्याला वाहक म्हणतात. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक मुलात दोन्ही बिघडलेल्या प्रती येण्याची शक्यता चारांत एक. 'आमच्या घराण्यात असे कधी झाले नाही' हे वाक्य अशा रोगाच्या विरुद्धचा पुरावा नव्हे. तसे नसणे हीच अशा रोगाची रीत आहे.

हे वाक्य मी पुस्तकात वाचले नाही, कानाने ऐकले. २००४ साली माझ्या मावसभावाचा दहा वर्षांचा मुलगा मुंबईच्या एका रुग्णालयात होता. वर्षभरात त्याला दोनदा कावीळ होऊन गेली होती. एकदा गावठी औषधाने उतरली, एकदा तालुक्याच्या डॉक्टरांच्या औषधाने. तिसऱ्या वेळी पोटात पाणी भरले, चेहरा पिवळ्याबरोबर पांढराही पडला. रक्तातल्या तांबड्या पेशी भराभर फुटत होत्या. मी मुंबईत राहत असल्याने माझी धावपळ चालली होती. तेथील डॉक्टरीणबाईंनी आम्हांला एकत्र बसवून विचारले, "आईवडील नात्यातले आहेत का?" होते. वहिनी माझ्या मावसभावाच्या सख्ख्या मामाची मुलगी. मावशी ताडकन म्हणाली, "डॉक्टर, आमच्या घराण्यात असलं काही कधी कोणाला झालं नाही. माझ्या माहेरीसुद्धा नाही. हिच्या आईकडचं असेल तर देवास ठाऊक." वहिनीने मान खाली घातली. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, एकाच बाजूनं येऊन हा आजार होतच नाही. दोन्हीकडून यावा लागतो. तुमचा मुलगा आणि तुमची भाची, दोघांनी अर्धा अर्धा दिलाय, आणि दोघांनाही त्याची कल्पना नव्हती."

मुलगा अकराव्या दिवशी गेला. यकृतारोपण हाच एक उपाय होता, आणि तो तेव्हा आमच्या आवाक्यातला नव्हता. दिवस झाल्यानंतर बाईंचा निरोप आला की धाकट्या मुलीला घेऊन या. ती सहा वर्षांची, उड्या मारणारी, खणखणीत. "हिला काय झालंय?" म्हणून मावशी तिला पाठवायला तयार नव्हती. एक नातू गमावलेल्या बाईला नात तपासणीला द्या असे सांगणे सोपे नव्हते. पण वहिनी प्रथमच सासूच्या शब्दाबाहेर गेली आणि मुलीला घेऊन गाडीत बसली.

त्या मुलीच्या तपासण्या मी जवळून पाहिल्या, आणि तेथून माझे वाचन सुरू झाले. म्हणून त्या जरा विस्ताराने सांगतो.

अन्नातून रोज एक-दोन मिलिग्रॅम तांबे पोटात जाते. शरीराला ते थोडे लागतेच. जादा झालेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. विल्सनच्या विकारात बिघडलेले प्रथिन दोन कामे करते : तांबे पित्तात ढकलणे, आणि तांबे सेरुलोप्लाझ्मिनमध्ये भरून रक्तात पाठवणे. दोन्ही कामे बंद पडली की तांबे यकृतात तुंबते आणि रक्तातले सेरुलोप्लाझ्मिन घटते. यातून एक विरोधाभास निर्माण होतो. रक्तातले बहुतेक तांबे सेरुलोप्लाझ्मिनबरोबरच असते. ते घटले की रक्तातले एकूण तांबे मोजता कमी भरते. यकृतात तांब्याची कोठी भरली आहे आणि रक्ताचा कागद सांगतो की तांबे कमी आहे. केवळ या आकड्यावर विसंबणारा माणूस उलट्या दिशेला जाईल.

म्हणून पहिली तपासणी सेरुलोप्लाझ्मिनची. १०० मिलिलिटर रक्तद्रवात ते साधारण २० ते ४० मिलिग्रॅम असते. मुलीत ते ९ निघाले. पण २० च्या खाली म्हणजे रोग, असे लक्षण केले तर अतिव्याप्ति होते. नवजात बाळांत ते स्वभावतःच कमी असते, म्हणून पहिल्या वर्षात या तपासणीवर भरवसा ठेवत नाहीत. तीव्र कुपोषणात, मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जात असतील तर, किंवा अन्य कोणत्याही कारणाने यकृत पार निकामी झाले तरी ते घटते. काही निरोगी वाहकांतही कमी आढळते. आणि अव्याप्तीही आहेच : ताप, जंतुदोष किंवा दाह असेल तर हे प्रथिन वाढते, आणि खऱ्या रुग्णाचा आकडाही चांगला दिसतो.

दुसरे लक्षण डोळ्यांत. १९०२ मध्ये कायझर आणि १९०३ मध्ये फ्लायशर या जर्मन वैद्यांनी बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट वलय पाहिले. ते तेथे साठलेले तांबे असते. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्रातून ते नीट दिसते. मेंदूची लक्षणे असलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात हे वलय असते. परंतु ज्या मुलांचा रोग अजून यकृतापुरता आहे त्यांच्यापैकी पुष्कळांत ते नसते. तांबे यकृतातून सांडून डोळ्यांपर्यंत जायला वेळ लागतो. पुस्तकातले हे सर्वांत सुंदर लक्षण मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठ्या अव्याप्तीचे आहे. ही मुलगी निरोगी दिसत होती आणि तिच्या डोळ्यांत काहीही नव्हते.

तिसरी तपासणी चोवीस तासांच्या लघवीची. येथे पाल्याच्या आईला परिचारिका होण्याची वेळ येते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, नंतरची प्रत्येक दुसऱ्या सकाळपर्यंत जमवायची, आणि तीही रुग्णालयाने दिलेल्या, आम्लाने धुतलेल्या प्लास्टिकच्या डब्यातच. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्याचा स्पर्श झाला तरी हिशेब चुकतो. पूर्वीच्या पुस्तकांत दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर तांबे गेले तर रोग, अशी मर्यादा होती. मुलांत ती फार उंच पडते, असे दिसून आल्यावर ४० मायक्रोग्रॅमपासूनच शंका घ्यावी असे तज्ज्ञ म्हणू लागले. मुलीची लघवी १३० निघाली.

चौथी, यकृताचा तुकडा काढून त्यातील तांबे मोजणे. वाळवलेल्या ऊतीच्या एका ग्रॅममध्ये ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे सामान्य समजतात. २५० च्या वर गेले तर विल्सनच्या विकाराचा दाट संशय. मला वाटले होते की येथे तरी वाद संपतो. यकृतातच तांबे साठते, आणि यकृतातच मोजले; आणखी काय हवे? पण तांब्याची वाट पित्तातून आहे. पित्त तुंबवणारा कोणताही दीर्घ आजार असला की तांबेही तुंबते. बालयकृतकाठिण्यात ते विल्सनच्या विकाराहूनही अधिक सापडे, हे वर आलेच. शिवाय काठिण्य आलेल्या यकृतात तांबे सर्वत्र सारखे पसरलेले नसते; सुई नेमकी कमी तांब्याच्या गाठीत शिरली तर आकडा फसवा येतो.

अशी एकेक लक्षणे सदोष असताना निर्दोष निष्कर्ष कसा काढायचा? २००१ मध्ये जर्मनीत लाइपझिग येथे जमलेल्या तज्ज्ञांनी यावर जो तोडगा काढला तो परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखा आहे. डोळ्यांत वलय असेल तर २ गुण. सेरुलोप्लाझ्मिन १० ते २० च्या दरम्यान असेल तर १, त्याहून खाली असेल तर २. लघवीतले तांबे प्रमाणापेक्षा दुपटीहून अधिक असेल तर २. यकृतात तांबे २५० च्या वर असेल तर २, आणि ते अगदी सामान्य निघाले तर एक गुण वजा. प्रतिपिंडांशिवाय रक्तपेशी फुटत असतील तर १. जनुकाच्या दोन्ही प्रतींतील दोष प्रत्यक्ष सापडले तर एकदम ४. बेरीज चार किंवा अधिक झाली की निदान पक्के. हा वजा गुण मला फार आवडला. विरोधी पुराव्याला किंमत देणारी पद्धत ही प्रामाणिक पद्धत असते. आमच्या मुलीचे गुण सेरुलोप्लाझ्मिनचे २ आणि लघवीचे २ मिळून चार भरले; यकृताला सुई लावावी लागली नाही.

जनुक सापडल्यावर हा सगळा खटाटोप संपला असेल, असे कोणालाही वाटेल. तसे झालेले नाही. या एका जनुकात शेकडो निरनिराळे बिघाड आढळले आहेत, आणि घराण्यागणिक ते वेगळे असतात. पहिल्या रुग्णात शोध म्हणजे मोठ्या ग्रंथात कोठे तरी असलेली मुद्रणचूक शोधणे. कधी एकच सापडते, दुसरी दडून राहते. पण एका घरातील रुग्णाच्या दोन्ही चुका एकदा कळल्या, की त्याच्या भावंडांत नेमके तेच पान उघडून पाहायचे असते. तेथे मात्र जनुकतपासणीला तोड नाही. वाहक आणि रुग्ण यांतला भेद, जो सेरुलोप्लाझ्मिनला नेहमी करता येत नाही, तो ती स्पष्ट करते.

येथे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी थोडा हिशेब मांडतो. या रोगाचे प्रमाण ढोबळमानाने ३०,००० जन्मांत एक धरतात; त्यावरून वाहक सुमारे ९० माणसांत एक निघतो. म्हणजे वाहक माणसाने परक्या घरात लग्न केले तर जोडीदार वाहक असण्याची शक्यता नव्वदांत एक. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी केले तर ती आठांत एक होते, आणि सख्ख्या भाचीशी केले तर चारांत एक. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश म्हणून पाहिले आहे. मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या जाती आपल्याकडे आहेत आणि त्या लग्नाला निषिद्ध मानणारी घरेही आहेत. वैद्याने 'नात्यातले आहात का?' असे विचारले की लोकांना त्यात दोषारोप दिसतो. तो तसा घेऊ नये. तो त्याच्या गणितातला एक आकडा आहे. आणि बहुसंख्य आते-मामे जोडप्यांची मुले निरोगीच असतात, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

उपचाराविषयी दोनच शब्द. १९५६ मध्ये वॉल्श यांनी पेनिसिलामाईन हे औषध दिले, जे तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढते. त्यापूर्वी हा रोग बहुधा मारकच होता. पुढे ट्रायेंटाईन आले, आणि आतड्यातच तांब्याची वाट अडवणारे जस्तही आले. औषध जन्मभर घ्यावे लागते, आणि बरे वाटते म्हणून मध्येच सोडणे धोक्याचे असते. सोडल्यावर काही महिन्यांतच यकृत कोसळल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. लक्षणे दिसण्यापूर्वी औषध सुरू झाले तर मूल इतरांसारखे वाढते. म्हणूनच एका मुलात हा रोग सापडला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाची तपासणी करावी असा नियम आहे, मग ते कितीही धडधाकट दिसो. चारांत एक ही शक्यता प्रत्येकाच्या वाट्याला नव्याने येते. एकाला झाला म्हणजे पुढची तीन सुटली, असा तिचा अर्थ नव्हे. संभाव्यतेच्या प्रकरणात नाण्याचे उदाहरण सोडवताना आपले विद्यार्थी हीच चूक दरवर्षी करतात.

मावसभावाची ती मुलगी आज अठ्ठावीस वर्षांची आहे आणि एका पेढीत हिशेब पाहते. उपाशीपोटी गोळी घेते, वर्षातून एकदा तो प्लास्टिकचा डबा घेऊन मुंबईला येते आणि माझ्याकडे उतरते. तिचे लग्न ठरवताना मुलगा नात्यातला नसावा एवढीच अट वहिनीने घातली आहे. मुलाची तपासणी करावी की नाही यावर घरात अजून चर्चा चालू आहे. मुलगी म्हणते करावी, मावशी म्हणते असे विचारले तर स्थळच येणार नाही.